भुकेली तोंडं

पनवेलच्या खाडीत जाळं रिकामं यायला लागलं, तेव्हा काशिरामने गावच्या तळ्यात रोहूचं बी सोडलं. आता घर त्या तळ्यावरच तरणार होतं.

परवा पहाटे त्याच्या बायकोला, दमयंतीला, मासे पाण्याबाहेर तोंडं काढून आ वासताना दिसले. "भुकेली हायत बिचारी," म्हणत तिने उरलेला भात तळ्यात ओतला. काल आणखी तोंडं वर आली. मग शेजारणींनी शिळ्या भाकऱ्या टाकल्या, कुणी देवाचा नैवेद्यही सोडला. दमयंतीने तर डब्यातला शेवटचा तांदूळ शिजवून तळ्यात ओतला आणि नवरा-बायको नुसत्या चहावर निजली.

आज सकाळी तिने उरणला मत्स्यशेती करणाऱ्या भावाला, शैलेशला, फोन लावला.

"काय बी टाकू नको, ताय!" तो ओरडलाच. "आधीच कपडे नि भांडी धुवून तुमी पाणी नासवलंय. वर हे अन्न कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे खायाला नाय, दम घ्यायला वर येतात! दम संपला की मरून तळाला जातात!"

तिने फोन ठेवला, तोच काशिराम तळ्यावरून हसत आला.

 

"पोटं भरली गो त्यांची. आज एक बी तोंड वर नाय."