डोमाची कॅसेट

तुमसरच्या बाजारात हिरालाल रेकॉर्डवरची गाणी कॅसेटमध्ये भरून द्यायचा. त्र्याऐंशी साली समोरच डोमानं तसंच दुकान टाकलं आणि हिरालालचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. "डोमाच्या कॅसेटले खरखरच नाही जी," लोक त्याच्याच तोंडावर सांगायचे.

शेवटी त्यानं एका गिऱ्हाइकाकडून डोमाची कॅसेट मागून आणली. दुपारी बायको लीलाबाई डबा घेऊन आली, तेव्हा तो हेडफोन लावून त्या कॅसेटमधली खोट शोधत होता.

खोट नव्हतीच. आवाज इतका स्वच्छ होता, की त्याचा जळफळाट झाला.

पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू होण्याआधी कॅसेटमध्ये एक बाई हळूच हसली. ते हसू लीलाबाईचं होतं.

हिरालालनं कॅसेट थांबवली. "डोमाच्या दुकानात कधी गेली होती तू?"

"मी कायले जाईन जी तिकडे?" डब्याचं झाकण काढत ती चिडून म्हणाली.

त्यानं कॅसेट मागं घेतली आणि पुन्हा लावली. गाणं संपलं. या वेळी हसू आलंच नाही.

"मी कायले जाईन जी तिकडे?" लीलाबाईचाच आवाज, तीच चीड, आणि मागं डब्याच्या झाकणाचा खणखणाट.

मग अगदी जवळून, मऊ आवाजात डोमा म्हणाला, "त्याले समजलं, लीला. आता उठ."

हिरालालनं मान वर केली. हेडफोन त्याच्याच कानांवर होते.

समोर लीलाबाईनं हातातली भाकर खाली ठेवली, "हो" म्हणाली आणि उठली.