साखरेच्या वखारीची आग

जोसायस काका चुलीची लोखंडी सळई घेऊन समोरच्या बेकरीच्या काचा फोडत सुटला होता. आतून धुराचे लोट येत होते. केझियाला वाटलं, आत कुणीतरी अडकलंय आणि काका त्याला वाचवतोय.

"काका, दार उघडंच आहे! काचा कसल्या फोडताय?"

"गप बस, कार्टे! दगड उचल. तूही फोड!"

भट्टीतला निखारा उडून सरपण पेटलं, हे दोघांनीही आपल्या दारातून पाहिलं होतं. आता ज्वाळा शेजारच्या साखरेच्या वखारीला भिडल्या होत्या. पेटलेली साखर वितळून रस्त्यावर वाहत होती. बेकरी आणि वखार, दोन्हींचा विमा एकाच कंपनीचा. आणि केझियाला वडिलांनी ठेवलेला सगळा पैसा काकानं त्याच कंपनीच्या शेअर्समध्ये घातलेला. "ब्रिस्टल दगडाचं गाव आहे. जळणार काय, डोंबल?" असं म्हणाला होता तेव्हा.

"भट्टीनं आग लागली म्हणून कळलं, तर भरपाई देता देता कंपनी बुडेल," काका धापा टाकत म्हणाला. "मग उरलेलं देणं आपल्यासारख्या भागधारकांच्या डोक्यावर, आणि वसुलीवाले आपल्या अंगावरचे कपडेही सोडणार नाहीत. पण दंगेखोरांनी जाळलं, तर कंपनी एक पेनीसुद्धा देणं लागत नाही. गावभर दंगल पेटलीय. कोण विचारतंय?"

आणि तो गळा फाडून ओरडला, "जाळा! सगळं जाळा!"

बेकरीवाली मध्ये पडली. त्यानं सळई हाणली. तिचं मनगट मोडल्याचा आवाज केझियानं ऐकला.

तेवढ्यात वळणावरून घोडदळ आलं. दंगेखोर दिसेल तिथं कापायचा हुकूम होता. पहिल्याच वारात काकाचा खांदा चिरला, तो खाली कोसळला. स्वारानं पुन्हा तलवार उचलली, तशी केझिया घोड्यापुढे आडवी झाली.

"बाजूला हो, पोरी! यानंच लावली ना आग?"

रक्तानं माखलेला काका खालून खेकसला, "हो म्हण, मूर्ख मुली! पैसे वाचतील तुझे!"

केझियानं थेट स्वाराकडे पाहिलं. "नाही. माझा काका आहे हा. आग भट्टीतून लागली. मी पाहिलंय. कोर्टातही हेच सांगेन."

स्वारानं तलवार म्यान केली. घोडे पुढे गेले.

काका भिंतीला धरून उठला. केझियानं आधाराला हात पुढे केला. त्यानं उरलीसुरली ताकद एकवटून तिच्या थोबाडीत मारली.

"आता सगळं गाव म्हणेल, जोसायसचा सल्ला चुकला!"