एडक्यांमधलं घोंगडं

रोज दुपारी पुण्याच्या विमानतळाकडे उतरणारं विमान निमोण्याच्या माळावरून जायचं. आज त्यात हरिबाची नात सोनम होती. "आबा, घोंगडं हलवा, मी खिडकीतून बघते," तिनं फोनवर बजावलेलं. मेंढरं सोडून हरिबा टेकाडावर चढला. विमान दिसलं. समोरून, त्याच उंचीवर, दुसरंही आलं. "आरं, वळ! मागं वळ की!" घसा फाटेस्तोवर तो ओरडला. एडके टकरीला धावले की तो मध्ये घोंगडं फेकायचा. तसंच त्यानं जीव एकवटून ते आभाळात भिरकावलं, पुन्हा पुन्हा. शेवटच्या क्षणी सोनमचं विमान कलंडलं, दुसरं त्याच्या पोटाखालून गेलं. हरिबानं खाली पडलेलं घोंगडं उचललं. संध्याकाळी सोनम हसतच घरी आली. "आबा, विमान कलंडलं म्हणून दिसलात! केवढ्या खुशीत घोंगडं उडवत व्हतात!" घोंगड्यात तोंड लपवून हरिबा म्हणाला, "व्हय पोरी."