‘नको’चं बटण

अनिशच्या मोबाईल गेममध्ये मावशी जेवायला वाढते आणि आपण ताट संपवून उठायचं असतं. ‘नको’चं बटण दाबलं, की ती आणखी एक पुरणपोळी वाढते. खेळणारे भडकले. एकेक तारा देऊन लिहू लागले, “बटण बिघडलंय, दुरुस्त करा.”

“बिघडलं नाही. नागपुरात ‘नको’ असंच चालते,” अनिश त्याच्या भागीदार नूपुरला म्हणाला. “लोक ओरडले म्हणून मी माझी कला नाही बदलवत.”

रविवारी नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या त्याच्या खऱ्या मावशीनं गेम खेळून पाहिला.

“काहून गा अनिश, ‘नको’ म्हटल्यावर एकच पोळी? पाहुण्याले उपाशी ठेवतो का?”

अनिशचं तोंड तिनं वाढलेल्या पुरणपोळीनं भरलेलं होतं.

सोमवारी नूपुरनं गेम उघडून ‘नको’ दाबलं. ताटात दोन पडल्या.