पत्र्याचे कोयते

"आधी हे कोयते काढा," हनुमंत सर म्हणाले.

शाळेच्या व्हरांड्यात दोन बाकं जोडून त्यांवर उसाचा फड उभा केला होता. खराट्याच्या काड्यांचा ऊस. बाटल्यांच्या झाकणांवर चालणारी काड्यापेट्यांची गाडी. गोडेतेलाच्या रिकाम्या पिशव्या कापून ठोकलेल्या कोप्या, तोडकऱ्यांच्या झोपड्या. आणि या सगळ्यात बोटभर उंचीची, चिंध्यांची सव्वीस माणसं. बायांच्या हातात बारके बारके कोयते, डब्याच्या झाकणाचा पत्रा कापून केलेले.

लंकाबाई बाकाला टेकून उभी होती. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं शाळेच्या ज्या वसतिगृहात राहत, तिथं ती स्वयंपाकाला होती. दुपारची भांडी घासून झाली की ती पोरांना घेऊन बसायची आणि घरात टाकून द्यायच्या वस्तूंचं काहीबाही करायला लावायची. हा फड करायला तेरा पोरांना आठ दिवस लागले होते.

"प्रदर्शन बघायला तालुक्याच्या मॅडम अकरा वाजता येणार," सर म्हणाले. त्यांनी पायाशी ठेवलेलं खोकं उघडलं आणि बाटलीची एक रंगवलेली फुलदाणी बाहेर काढली. "टाकाऊतून टिकाऊ म्हणजे हे असं. बघितल्यावर प्रसन्न वाटलं पाहिजे."

"ही पोरांनी केलीय व्हय?"

"पाथर्डीहून आणली. कोण विचारतंय?"

लंकाबाईनं फुलदाणीवरची नजर फडाकडं वळवली. तशी सरांनी आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता. "तुम्ही तरी समजून घ्या. पोरांच्या हातात कोयता येऊ नये, म्हणून तर हे वसतिगृह आहे. आणि आपण पाहुण्यांसमोर कोयतेच मांडायचे?"

वीस हंगाम लंकाबाईनं ऊस तोडला होता. कंबर गेली तेव्हा कुठं तिचा कोयता सुटला. सरांचं बोलणं क्षणभर तिला पटलंसुद्धा. मग तिनं अंगणाकडं पाहिलं. पोरं रांगेत बसली होती. सकाळी तिनंच त्यांच्या डोक्यांना तेल चोपडलं होतं. तेराच्या तेरा डोकी बाकांकडं वळलेली होती.

"पोरांच्या हातात कुटं हाय कोयता?" ती म्हणाली. "त्यांच्या आयांच्या हातात हाय. आन् आता या घटकंला बी हाय, सर."

"मला वाद नको. काढा."

"मी न्हाई काढायची."

"मग उद्यापासून मला दुसरी बाई बघावी लागेल."

"बघा की. तांदूळ निवडून ठिवलेत, मटकी भिजत घातलीय." लंकाबाईनं पदर खोचला. "आन् तिला एवढं सांगा, बारक्या कल्याणला तिखट सोसत न्हाई."

सरांचा चेहरा लाल झाला. ते स्वतःच पुढं झाले. हिरव्या पातळाची एक बाहुली त्यांनी उचलली आणि तिच्या मुठीतला पत्रा ओढू लागले. तो दोऱ्यानं घट्ट बांधलेला होता, निघेना.

रांगेतून संस्कृती उठली. तिसरीतली, दोन वेण्यांची. चालत आली आणि सरांच्या समोर उभी राहिली.

"सर, ती माझी आई हाय."

"अगं, बाहुली आहे ती."

"तिच्याच पातळाची चिंधी हाय. जाताना आजीपाशी ठिवून गेलती." संस्कृतीनं हात पुढं केला. "वास घेऊन बघा. अजून येतोय."

सरांनी वास घेतला नाही. पण ओढायचे ते थांबले.

तोवर बाकीची बारा पोरंही उठली होती. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. ती बाकांभोवती येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून, आणि प्रत्येकानं आपापल्या माणसांपाशी हात टेकवला. फुलदाणी ठेवायला कुठं बोटभर जागा उरली नाही.

तेवढ्यात फाटकातून जीप आत आली. सरांनी बाहुली घाईघाईनं काड्यांच्या उसात खोचली. ती तिरकी झाली. संस्कृतीनं ती सरळ केली, कोयता नीट दिसेल अशी.

मॅडम पायऱ्या चढून थेट फडापाशी आल्या. वाकून बघितलं. एका बाहुलीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही कोण?"

"माझी आई. सांगलीला हाय."

"आणि हे?"

"आमचे वडील. कर्नाटकात. मोळी बांधत्यात."

"माझी दोगं बी कोल्हापूरला हायेत. शेवटची कोपी आमची."

मग विचारावंच लागलं नाही. पोरं एकेक करून सांगत गेली, गावांची नावं, कारखान्यांची नावं. सरांनी लंकाबाईला डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी बोला, सावरून घ्या. लंकाबाई एक पाऊल मागं सरली. इथं बोलायचं काम तिचं नव्हतंच.

"फार सुंदर केलंय," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच आवडलं होतं. "पण मुलांनो, एवढं सगळं केलंत, मग आपलं गाव का नाही केलं? आपलं देऊळ, आपली शाळा, आपला पार?"

पोरं एकमेकांकडं बघू लागली. सगळ्यांत बारका कल्याण, पहिलीतला, दोन पोरांच्या मधून मान बाहेर काढून म्हणाला,

"मॅडम, गाव हेच हाय. हितं निसती घरं हायेत."