डोक्यावर उभा संत

बल्गेरियात फुटबॉल खेळणाऱ्या एदेनिल्सनला सहा सामन्यांत एकही गोल जमला नव्हता. सातव्यातही नाही जमला, तर क्लब त्याला ब्राझीलला परत धाडणार होता. इकडे त्याच्या आईने, झुलेदेने, कोनाड्यातल्या संत अंतोनीच्या मूर्तीला खाली डोकं वर पाय करून ठेवलं; मागणं पुरं होईपर्यंत संताला असं उलटं ठेवायची ब्राझीलमधली रीत.

"एका गोलासाठी किती छळशील गं त्या बिचाऱ्याला?" शेजारीण इरासी हसली.

"मागितलेलं देईपर्यंत नाही सोडायची!"

सातवा सामनाही कोरडाच गेला. मुलाचा रडवेला फोन आला, "आई, परवा घरी येतोय."

इरासी धीर द्यायला धावत आली.

 

झुलेदे हसतमुखाने संताला सरळ उभं करून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती, "फार दुखलं नाही ना रे, बाबा?"