वारा सांगणारा कोच

कॉनरच्या कानाशी बाबा वाकला आणि काहीतरी पुटपुटला. निहारिकाने पाण्याच्या बाटल्या खाली टाकल्या आणि मान लांब केली. छे! आजही काहीच ऐकू आलं नाही.

असं काय सांगतो हा? अख्खा सीझन तिच्या डोक्यात हेच घोळत होतं. तिने कॉनरला दहादा विचारलं होतं. तो नुसता हसायचा. "ते आमचं आहे. तुझ्या डॅडला विचार." आणि बाबाला विचारलं की, "कोचचं सिक्रेट, मॅडम!"

सामना संपत आला होता आणि डंडॉकचं कॉलेज दोन गुणांनी मागे होतं. कॉनरने बॉल मैदानाच्या टोकाच्या दोन उंच खांबांमधून मारला की तीन गुण आणि सामना खिशात. अमेरिकन फुटबॉलमध्ये लाथ मारायची वेळ आली की वेगळीच तुकडी मैदानात उतरते, तिला म्हणतात स्पेशल टीम्स. त्या तुकडीचा कोच शैलेंद्र, म्हणजे निहारिकाचा बाबा. लाथेआधी वारा कुठून आहे, ते तोच सांगायचा. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी हे. सोलापूरहून एमएस्सी करायला इथे परदेशात, डंडॉकला आला, तोवर त्याने हा खेळ टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता!

आज हेड कोच डेक्लन निवृत्त होणार होता. सामन्यानंतर तो आपली शिट्टी कुणाच्या तरी हातात देणार होता. एक तर दुसऱ्या कोचच्या, बॅरीच्या, नाही तर बाबाच्या. सकाळी बाथरूममध्ये बाबा आरशासमोर भाषणाची प्रॅक्टिस करत होता. "लॅड्स, आजपासून आपण..." हातात टूथब्रश! निहारिका दाराबाहेर तोंड दाबून हसली. मग तिचं हसू थांबलं. याला ही शिट्टी किती हवी आहे, ते तिला तेव्हा कळलं.

पण एक मोठी अडचण होती. कुणाचीही लाथ हुकली की कारण एकच निघायचं. शैलने वारा चुकीचा सांगितला. बॅरी तर सगळ्यांसमोर ओरडायचा, "युअर मॅनला, शैलला विचारा रे, आज वारा थेट इंडियातून येतोय का?" सगळे खिदळायचे. बाबासुद्धा खिदळायचा! निहारिकाचं डोकं फिरायचं. कारण घरी बाबा दोरीवरच्या कपड्यांकडे नुसतं बघून सांगायचा, "आत घे गं, येतोय पाऊस." आणि यायचाच. घरी कधी न चुकणारा माणूस मैदानावर येऊन आंधळा कसा होतो?

बॉल आला. कॉनर धावला. धप्प!

बॉल झकास उंच उडाला, सरळ निघाला आणि डाव्या खांबाच्या बाहेरून गेला. सामना संपला. हरले.

डेक्लन तरातरा चालत आला. त्याचा नियम साधा होता, निवृत्तीच्या दिवशीही तोच. चूक लाथ मारणाऱ्याची असेल, तर पुढचा सीझन बाकावर. कॉनर हेल्मेट पोटाशी धरून उभा होता. पहिल्या वर्षातला मुलगा, चेहरा खडूसारखा पांढरा.

"काय झालं?" डेक्लनने विचारलं.

कॉनरने तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा पुढे झाला.

"माझं चुकलं, डेक्लन. वारा डावीकडून आहे म्हणालो मी. म्हणून त्याने डावीकडे मारला."

"आजसुद्धा?" बॅरीने कपाळाला हात लावला.

निहारिकाने वर पाहिलं. खांबांच्या टोकांना वारा दाखवणाऱ्या लाल रिबिनी बांधलेल्या होत्या. दोन्ही ओल्या मोज्यांसारख्या सरळ खाली लोंबत होत्या. डंडॉकमध्ये वारा कायमचाच; तो नाही, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून वर कुणी बघतच नव्हतं.

"बाबा, वारा नाहीच आहे!" तिने रिबिनीकडे बोट दाखवलं. एरवी ती घरीही इंग्लिशमध्येच बोलायची. आज राग मराठीत बाहेर पडला.

बाबाने मागे वळूनही पाहिलं नाही. "माहितीये," तो हळूच मराठीत म्हणाला. "इंग्लिशमध्ये बोलू नकोस."

"काय म्हणतेय ती?" डेक्लनने विचारलं. शिट्टी त्याच्या मुठीत होती.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. एकच वाक्य! ते इंग्लिशमध्ये बोललं की शिट्टी बाबाच्या गळ्यात. तिने श्वास घेतला. आणि तिला कॉनर दिसला. तो तिच्या बोटाकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं.

तिने बोट खाली घेतलं.

"नथिंग," ती म्हणाली. "थंडी वाजतेय म्हटलं."

डेक्लनने मान हलवली आणि शिट्टी बॅरीच्या हातात ठेवली. सगळ्यात आधी टाळ्या बाबाने वाजवल्या. "ग्रँड, बॅरी! एकदम ग्रँड!" फक्त टाळ्या थांबल्यावर त्या हातांचं काय करावं, ते त्याला सुचेना. मग तो मैदानभर पसरलेले बॉल गोळा करायला निघून गेला.

निहारिका गाडीच्या डिकीवर बसून नाक पुसत होती, तेवढ्यात कॉनर आला. बुटाने खडी उकरायला लागला.

"तुला हवं होतं ना, तो कानात काय सांगतो ते?"

तिने मान डोलावली.

"दर वेळी तेच. लाथ मारायच्या आधी." कॉनरने मैदानाकडे पाहिलं. तिथे बाबा एकटाच, दोन्ही काखांत चिखलाचे बॉल घेऊन तिसरा उचलायची खटपट करत होता. "म्हणतो, बॉल तुझा. वारा माझा."